पुड्यातलं बिस्किट घरी उतरतं का?

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगावला खेटून असलेली गावं. शहर आता त्यांच्या शिवारापर्यंत आलं आहे आणि मार्केट यार्ड तर हाकेच्या अंतरावर आहे. बेळगावात मिळतो तो प्रत्येक बिस्किटाचा पुडा इथल्या गल्लीतल्या दुकानातही टांगलेला असतो. तरीही दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत या भागातल्या बायका डबे भरून बेकरीच्या भट्टीवर जातात. एका डब्यात मैदा किंवा गिरणीतून आणलेलं गव्हाचं पीठ, दुसऱ्यात पिठीसाखर, तिसऱ्यात तूप नाहीतर डालडा, आणि पदराला बांधलेले चार वेलदोडे. बेकरीवाला किलोमागे मजुरी घेतो आणि बिस्किटं पाडून, भाजून देतो. पाच रुपयांत पुडा मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी, असं नवख्याला वाटेल.

अलीकडे या जुन्या रिवाजाला नवी जोड मिळाली आहे. घराघरांत ओव्हन आले, ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी मीठ पसरून काम भागवलं. मोबाईलवर रोज कुणीतरी सांगत असतं की अमुक कंपनीचं बिस्किट अगदी तसंच घरी होतं. मुलं हट्ट करतात, आया करून बघतात. कधी साधतं, कधी नाही. का साधतं आणि का नाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. ‘विकतसारखं होतं का’ हा प्रश्न सगळ्या बिस्किटांना मिळून एकदम विचारला की उत्तर चुकतं. ज्या बिस्किटाची चव मोहनावर उभी आहे, ते घरी विकतच्यापेक्षा चांगलं होतं. ज्याचं मोठेपण पोळपाटावर न येणाऱ्या पातळपणात आणि काही मिनिटांच्या कडक भाजणीत आहे, ते कारखान्याचंच. या दोन टोकांच्या मध्ये जी आहेत, त्यांच्यासाठी कष्ट घ्यायचे की नाहीत हे प्रत्येकीने स्वतः ठरवावं.

घरी बिस्किट करण्यामागची कारणं काळागणिक बदलत गेली. पहिलं कारण सोवळ्याचं होतं. १८९० साली पुण्यात ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून केवढं ग्रामण्य झालं! टिळक, रानडे यांच्यासारख्या माणसांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. बेकरीचं बिस्किट म्हणजे कुणाच्या हातचं, त्यात अंडं असेल का, पीठ कशानं फुगवलं असेल, या शंकांनी ते कित्येक घरांच्या उंबऱ्याबाहेर राहिलं. ज्यांना खायचं होतं त्यांनी आपलं तूप-पीठ देऊन, डोळ्यांसमोर करून घेतलं. दुसरं कारण पैशाचं. पाहुण्यांच्या घरात, लेकुरवाळ्या कुटुंबात किलो-दोन किलो बिस्किटं एकदम हवी असत, तेवढी विकत आणणं जड जाई. आज तिसरं कारण पुढे आलं आहे, ते पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांच्या यादीचं. मैदा, साखर, पाम तेल, मग आकड्यांची रांग. ती वाचून आई दचकते आणि पीठ मळायला घेते.

ही काळजी खरी आहे, पण तिच्यात एक गफलत होते. घरी केलं म्हणून बिस्किट हलकं होत नाही. पावभर तूप आणि पावभर साखर घातलेलं बिस्किट कुणीही केलं तरी जडच. घरी मिळतं ते एवढंच, की कोणतं तूप, कोणतं पीठ, किती साखर हे आपल्या हातात राहतं. ते काही थोडं नाही.

आता नानकटाईपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडची जुनी बिस्किटं सगळी तिच्याच कुळातली. तिचं घराणं सुरतेचं सांगतात. डच व्यापाऱ्यांच्या तिथल्या भट्टीत पारशी कारागीर होते, डच गेल्यावर भट्टी दोतीवाला घराण्याकडे आली आणि त्यांच्या हातून नानकटाई घडली, अशी परंपरा आहे. पूर्वी पीठ ताडीनं आंबवत. पुढे ताडी आणि अंडं दोन्ही गळाली, म्हणून तर ती सगळ्या घरांत शिरली. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि भट्टीवरच्या नानकटाईत तुपाची जागा त्यानं घेतली. घट्ट, पांढरा, दाणेदार, स्वस्त. आपल्या पिढीच्या जिभेवरची ‘बेकरीची चव’ म्हणतात ती बरीचशी त्याचीच. त्या डालड्यातल्या ट्रान्स फॅटचे दुष्परिणाम पुढे कळले, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व वनस्पती तुपात त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली.

नानकटाईचं शास्त्र आपल्या बायकांना वेगळं शिकवावं लागत नाही, कारण ‘मोहन’ त्यांना ठाऊक आहे. शंकरपाळीला मोहन कमी पडलं तर ती दगड होते, जास्त झालं तर तळणीत विरघळते. इथेही तेच. गव्हाच्या पिठाला पाणी लागलं आणि मळणी झाली की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून चिवट जाळं धरतात. पोळीला ते जाळं हवं, नानकटाईला नको. तुपानं पिठाचा कण आधीच माखला की पाणी आत पोचत नाही, जाळं धरत नाही आणि बिस्किट तोंडात विरतं. म्हणून पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं असतं. दोन भाग मैदा, एक भाग पिठीसाखर, एक भाग तूप हे वजनाचं प्रमाण. तूप पातळ केलेलं चालत नाही; थिजलेलं, रवाळ तूप साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसलं पाहिजे, कारण फेसताना अडकलेली हवाच पुढे नानकटाईला भेगा पाडते आणि उघडते. थोडं बेसन घातलं तर खमंगपणा येतो, थोडा बारीक रवा घातला तर दाताला कण लागतो. मध्यम आचेवर, १६० ते १७० अंशांच्या आसपास, कडा जेमतेम बदामी होईपर्यंत. ट्रेमधून लगेच उचलली तर मोडते, तिला तिथेच निवू द्यावं.

बेळगाव भागात म्हशीचं दूध आणि लोणी चांगलं. ज्या दुधाचा कुंदा गाजतो त्याच दुधाच्या साईचं कढवलेलं तूप नानकटाईत पडलं, तर तिच्यापुढे पुड्यातलं कुठलंही ‘बटर’ बिस्किट उभं राहत नाही. बहुतेक बटर बिस्किटांच्या यादीत पाम तेल लोण्याच्या आधी येतं आणि कायद्यानं घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. लोणी नावापुरतं असतं, वास इसेन्सचा असतो. १९८० नंतर घरोघर पोचलेलं काजू-बदामाचं खुसखुशीत बिस्किट काय, किंवा पुण्याच्या कॅम्पात १९५५ पासून कयानी बेकरी भाजते ती श्रूसबरी काय, सगळी याच वळणाची. श्रूसबरी हे मूळ इंग्लंडातल्या एका गावाचं बिस्किट. पुण्याहून येताना पाहुण्यानं आणावा असा तिचा खोका. कयानीची हुबेहूब चव घरी येते असं मी म्हणणार नाही, भट्टीचा आणि हाताचा भाग राहतोच. पण चांगलं पांढरं लोणी, मैदा आणि साखर एवढ्यावर तिच्या फार जवळ जाता येतं. या कुळातलं बिस्किट विकत आणण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

मग ग्लुकोज. खरी परीक्षा इथे आहे, कारण मुलं जिचा हट्ट धरतात ती चव हीच. पार्ले कंपनी १९२९ साली मुंबईच्या विलेपार्ल्यात गोळ्या-चॉकलेटं करत सुरू झाली. बिस्किटं १९३९ पासून. ‘पार्ले ग्लुको’चं नाव ऐंशीच्या दशकात ‘पार्ले-जी’ झालं. चहात बुडवून खायचं बिस्किट म्हणजे ग्लुकोज, हे समीकरण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही अंगांना सारखंच पक्कं.

त्याच्या पुड्यावरची यादी नीट वाचली तर निम्मं कोडं सुटतं. मैदा, साखर, पाम तेल, मग ‘इन्व्हर्ट सिरप’, दुधाचा अंश, मीठ. फुगवणाऱ्या पदार्थांत ५०३ आणि ५००. इन्व्हर्ट सिरप म्हणजे आंबट घालून उकळलेला साखरेचा पाक. आम्लाच्या संगतीत साखरेचे दोन तुकडे पडतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हा पाक थिजत नाही, भाजताना लवकर तांबूस होतो आणि तो ओळखीचा, किंचित मधासारखा वास देतो. घरी तो सहज होतो. किलोभर साखर, अर्धा लिटर पाणी, एका लिंबाचा रस. मंद आचेवर अर्धा तास, मधासारखा दाटेपर्यंत. बाटलीत भरला की कितीतरी दिवस टिकतो. व्हिडिओत दाखवतात त्या कृतींमध्ये हा पाक क्वचितच असतो, आणि नेमकं त्यामुळेच घरचं ग्लुकोज दिसायला फिकं आणि चवीला शंकरपाळीसारखं लागतं. पाक घाला, दोन चमचे दुधाची पावडर घाला, चव बरीच जागेवर येते.

५०३ म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, भट्टीवाले ज्याला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतात. उष्णता लागली की त्याचा सगळा वायू होतो, मागे काही उरत नाही. सोडा, म्हणजे यादीतला ५००, मागे साबणासारखी चव ठेवतो, हा ठेवत नाही. मात्र वायू बाहेर पडायला बिस्किट पातळ हवं. जाड बिस्किटात घातला तर वास आतच कोंडतो. भाजताना स्वयंपाकघरात डोळ्यांना झोंबणारा दर्प सुटतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी आणि लहान मुलांना लांब ठेवावं. खायचाच अमोनिया, पाकिटबंद आणि नाव छापलेला घ्यावा. नसला तर बेकिंग पावडर चालते, पोत थोडा कमी येतो.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. कारखान्यात कोरडं, जेमतेम ओलं पीठ फिरत्या साच्यात दाबलं जातं, साच्यातून पट्ट्यावर पडतं आणि लांबलचक बोगद्यासारख्या भट्टीतून काही मिनिटांत भाजून बाहेर येतं. तापमान टप्प्याटप्प्यानं बदलत जातं. आधी फुगवणं, मग वाळवणं, शेवटी रंग. बाहेर पडताना त्यात ओल शेकडा दोन-तीन भाग एवढीच उरते. घरच्या ओव्हनचं दार उघडलं की आच खाली येते आणि भांड्याच्या कडेची बिस्किटं मधल्यांच्या आधी करपतात. यावर उपाय आहे. बिस्किटं तीन-चार मिलिमीटर पातळ लाटा, काट्याने टोचा, १७० अंशांवर रंग येईपर्यंत भाजा, आणि सगळी झाल्यावर ओव्हन १२० अंशांवर आणून पुन्हा पाव तास आत वाळू द्या. या दुसऱ्या वाळवणीनं घरच्या बिस्किटाला पुड्यातला कुरकुरीतपणा येतो. मला या साऱ्या खटाटोपात हीच युक्ती सर्वांत मोलाची वाटते.

चहात बुडवण्याचं गणित तरीही वेगळंच राहतं. ब्रिस्टॉल विद्यापीठातल्या लेन फिशर या भौतिकशास्त्रज्ञानं बिस्किट बुडवण्याचं शास्त्र मांडलं आणि १९९९ साली ‘नेचर’सारख्या नियतकालिकात ते छापून आलं. बिस्किटातल्या बारीक नळ्यांतून चहा वर चढतो, साखर विरघळते, कण सुटतात. पार्ले-जीत तूप-तेल शेकडा बारा-तेरा भागच, म्हणून चहा भरभर चढतो आणि क्षणभर विसर पडला की बिस्किट कपाच्या तळाशी. नानकटाईत स्निग्धांश शेकडा पंचवीसच्या घरात, तिथे चहा अडखळतो. घरचं ग्लुकोज या दोहोंच्या मधलं होतं, कारण घरी आपण थोडं तूप जास्तच घालतो. मुलं म्हणतात, ‘बेस झालंय, पण तसं नाही.’ बरोबर म्हणतात. हे बिस्किट चवीसाठी एकदा करून बघावं, रोजच्या चहासाठी पुडाच आणावा.

मारी तर घरी करूच नये. १८७४ साली लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं रशियाच्या राजकन्येच्या लग्नानिमित्त काढलेलं हे बिस्किट. त्यात मोहन फार कमी, पीठ मात्र मळून मळून ताणलेलं, लाटून कागदासारखं केलेलं, वर वाफेसाठी भोकं. ताणलेलं पीठ आकसू नये म्हणून कारखाने त्याला सैल करणारं रसायन वापरतात. पोळपाटावर याची कडक पुरी होते, मारी होत नाही.

क्रीमच्या काळ्या बिस्किटाची गोष्ट गमतीची आहे. ज्याची नक्कल करायला आपण धडपडतो ते ओरिओ १९१२ साली न्यूयॉर्कला निघालं. त्याच धाटणीचं हायड्रॉक्स अमेरिकेत त्याच्या चार वर्षं आधीपासून, १९०८ पासून विकलं जात होतं. भारतात ओरिओ २०११ साली आलं. त्याचा काळा रंग जळलेल्या पिठाचा नाही. अल्कली लावलेल्या कोकोचा आहे. दुकानात ‘डार्क कोको’ म्हणून मिळतो तो पुष्कळदा साधा असतो, त्यानं तपकिरी बिस्किट होतं. चव चांगली लागते, रंग मात्र येत नाही, आणि मुलं रंगावर अडतात. मधल्या क्रीममध्ये दूध नसतंच, साखर आणि वनस्पती स्निग्ध पदार्थ असतात. घरी लोण्याचं क्रीम केलं तर उन्हाळ्यात पाझरतं. दोन भाग अगदी बारीक चाळलेली साखर, एक भाग लोणी, थोडी दुधाची पावडर घातली तर बसतं. दोन-तीन दिवसांत संपवणार असाल तर जरूर करा.

गव्हाचं आणि कोंड्याचं बिस्किट हे खेड्याचं बलस्थान आहे, आणि इथे आपण कारखान्याच्या पुढे जाऊ शकतो. ‘आटा’ किंवा ‘डायजेस्टिव्ह’ लिहिलेल्या पुष्कळ पुड्यांत पहिला घटक मैदाच असतो. कंग्राळीसारख्या गावात गिरण जवळ आहे, गहू आपला निवडलेला आहे. गिरणीवाल्याला सांगून थोडं जाडसर दळून आणा, कोंडा चाळू नका. कोंड्याचे धारदार कण पिठातलं चिवट जाळं आपोआप तोडतात, म्हणून असं पीठ पोळीला नकोसं पण बिस्किटाला हवंसं. गुळाची पूड, तूप, चिमूटभर मीठ, थोडं दूध. नाचणी चंदगड-खानापूरकडे मुबलक पिकते; तिच्यात ते चिवट जाळं मुळीच नसतं, म्हणून नुसत्या नाचणीचं बिस्किट हातात घेताच ढासळतं. निम्मं गव्हाचं पीठ घातलं की उभं राहतं. आधी नाचणीचं पीठ कढईत कोरडं भाजून घेतलं तर कच्चा वास जातो. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेत भरडधान्यांच्या बेकरी पदार्थांवर बरंच काम झालं आहे आणि २०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून अशा बिस्किटांना गिऱ्हाईकही आहे. बचत गटांनी हात घालावा असा जिन्नस हाच, ओरिओची नक्कल नव्हे. मात्र विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी आणि पाकिटावर घटकांची प्रामाणिक यादी हवीच.

खाऱ्या बिस्किटांबद्दल एवढंच, की कारखान्यात ती भट्टीतून निघाली की गरम असतानाच त्यांच्यावर तेल फवारतात. घरी ब्रशनं कोमट तेल लावून वर बारीक मीठ भुरभुरलं तर चव पालटते. खारीचे पदर मात्र चिरोट्यासारखेच साट्यानं सुटतात. ज्यांना चिरोटे जमतात त्यांना खारी अवघड नाही.

पैशाचा हिशेब सरळ आहे. अर्धा किलो मैदा, पाव किलो साखर, पाव किलो तूप यांची किलोला थोडी कमी नानकटाई होते, आणि खर्चाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग एकट्या तुपाचा असतो. ग्लुकोजच्या पुड्याशी स्पर्धा करायला जाल तर हराल. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तुलना करायची तर खऱ्या लोण्याच्या, खोक्यातल्या महागड्या बिस्किटाशी करावी. तिथे घर स्वस्त पडतं.

आणि म्हणून मला भट्टीचा तो जुना रिवाज सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. विटांची भट्टी रात्री पावासाठी तापते. पाव निघाले की आच हळूहळू उतरू लागते, आणि ती उतरती आच नेमकी बिस्किटांना मानवते: खालून, वरून, चहूकडून सारखी, झळ नसलेली. असा ताव कुठल्याही घरगुती ओव्हनला येत नाही. कारागीर पाच किलोचं पीठ बघता बघता पाडतो आणि पत्रे लांब दांड्याच्या फळीनं आत सरकवतो. जिन्नस आपला, आच त्याची. पुष्कळ ठिकाणी आता भट्टी डिझेलची किंवा विजेची झाली आहे, आणि थोड्या मजुरीसाठी कुणाचा स्वतंत्र डबा सांभाळण्यापेक्षा स्वतःचा माल काढणं बेकरीवाल्यांना परवडतं. गावानं हा रिवाज टिकवायचा तर चार घरांनी मिळून दहा किलोचा घाणा एकदम द्यावा, पावाची घाई नसेल तो दिवस आधी विचारून घ्यावा, अंड्याचे पत्रे वेगळे ठेवायला सांगावेत आणि मजुरीत घासाघीस करू नये.

राहता राहिला पावसाळा. बेळगावचा पाऊस जूनमध्ये धरतो तो सप्टेंबरपर्यंत सोडत नाही, आणि उघडी बिस्किटं एका दुपारीत सादळतात. पुड्याचं कागदी दिसणारं आवरण त्यासाठीच असतं, हवा आणि ओल रोखणारं. घरी पूर्ण निवल्याशिवाय डबा भरू नये, झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा घ्यावा आणि रोजच्या खाण्याचा डबा निराळा ठेवावा, म्हणजे मोठा डबा वारंवार उघडला जात नाही. सादळलीच तर गव्हाची आणि ग्लुकोजची १२० अंशांवर दहा मिनिटं ठेवली की पुन्हा कडक होतात. नानकटाईला तेवढीही गरज नसते, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर झाकण न ठेवता थोडा वेळ ठेवली तरी पुरे.